विश्लेषण : स्वतःला न छेदणाऱ्या साखळीचे गणित… पॉल फ्लोरी यांचा हिशेब संगणकाच्या युगातही का टिकला?

भिंतीचा रंग, पेनातली शाई आणि रक्तातून औषध वाहून नेणारे सूक्ष्म कण या तिन्हींत अनेकदा एकच युक्ती वापरलेली असते. कणांच्या पृष्ठभागावर लांबलचक रेणूंच्या साखळ्या एका बाजूने चिकटलेल्या असतात. त्यांचे मोकळे भाग शेजारच्या कणाला जवळ येऊ देत नाहीत. अशा साखळ्या किती उंच उभ्या राहतात, किती जागा व्यापतात आणि दाबल्या की काय करतात, हे आज संगणकात तपासले जाते. त्यामागचा मूळ हिशेब मात्र कागद-पेन्सिलीने मांडलेला आहे. तो मांडणारे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्लोरी यांचे निधन होऊन चाळीस वर्षे लोटली. नायलॉनच्या प्रयोगशाळेपासून सोव्हिएत संघातील कैदी शास्त्रज्ञांच्या सुटकेच्या लढ्यापर्यंत गेलेल्या या आयुष्याविषयी…

पॉल फ्लोरी कोण होते?

पॉल जॉन फ्लोरी यांचा जन्म १९ जून १९१० रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात स्टर्लिंग या गावी झाला. वडील धर्मोपदेशक आणि शिक्षक, आई शाळेत शिकवणारी. इंडियाना राज्यातील मँचेस्टर कॉलेज या छोट्या महाविद्यालयात त्यांनी पदवी घेतली. तेथील प्राध्यापक कार्ल होल यांच्यामुळे त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठातून १९३४ मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली. त्यांचा प्रबंध नायट्रिक ऑक्साइड या वायूवर प्रकाशाचा काय परिणाम होतो याविषयी होता. म्हणजे ज्या विषयात पुढे त्यांना नोबेल मिळाले, त्याच्याशी तोवर त्यांचा संबंधच आलेला नव्हता.

रेणू साखळीसारखे असतात, हे तेव्हा माहीत नव्हते का?

रबर, सुती धागा, रेशीम, डिंक हे पदार्थ माणूस हजारो वर्षे वापरतो आहे. पण ते कशाचे बनलेले आहेत, यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठा वाद होता. लहान लहान रेणू एकत्र गोळा होऊन हे पदार्थ बनतात, असे बहुतेक रसायनशास्त्रज्ञ मानत. जर्मनीतील हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये वेगळे मत मांडले. हजारो लहान घटक पक्क्या रासायनिक बंधांनी एकामागोमाग जोडले जाऊन एकच प्रचंड रेणू तयार होतो, असे त्यांचे म्हणणे होते. शालेय पुस्तकात ज्याला बहुवारिक म्हणतात, तो पॉलिमर हाच. श्टाउडिंगर यांना सुरुवातीला कडवा विरोध झाला. नोबेल मिळायला १९५३ साल उजाडले.

फ्लोरी यांनी डॉक्टरेट मिळवली तेव्हा हा वाद मिटत आला होता. पण एवढ्या लांब रेणूंना नेहमीचे रसायनशास्त्राचे नियम लागू पडतात का, हा प्रश्न उघडाच होता. फ्लोरी यांच्या साऱ्या कामाचे सूत्र या प्रश्नात आहे.

ड्यू पॉण्टमध्ये त्यांनी काय केले?

१९३४ मध्ये फ्लोरी ड्यू पॉण्ट कंपनीत रुजू झाले आणि वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटात आले. याच गटात १९३५ मध्ये नायलॉन प्रथम तयार झाले. कॅरोथर्स यांनी या तरुण भौतिक-रसायनतज्ज्ञाला पॉलिमरच्या गणिताकडे वळवले.

पॉलिमर तयार होताना सगळ्या साखळ्या सारख्या लांबीच्या होत नाहीत. काही आखूड राहतात, काही लांब वाढतात. रेणू मोठा होत गेला की त्याची टोके मंदावतात आणि जोडणी अवघड होते, असा तेव्हाचा समज होता. फ्लोरी यांनी तो बाजूला सारला. साखळीच्या टोकाला ती साखळी किती लांब आहे हे ‘कळत’ नाही. दहा कड्या असोत की हजार, टोकाची जोडले जाण्याची शक्यता तीच राहते, हे त्यांनी गृहीत धरले. हे गृहीतक धरल्यावर कोणत्या लांबीच्या किती साखळ्या मिळतील, याचे सोपे सूत्र मिळाले. १९३६ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि प्रयोगांतही खरे ठरले. पॉलिमरच्या कारखान्यात ते आजही उपयोगी पडते.

१९३७ मध्ये कॅरोथर्स यांचा अकाली मृत्यू झाला. नायलॉन बाजारात आलेले पाहायला ते नव्हते. मार्गदर्शक गेल्यानंतर फ्लोरी यांनी पुढच्या वर्षी ड्यू पॉण्ट सोडली आणि ते सिनसिनाटी विद्यापीठात गेले.

रबर आणि महायुद्धाचा काय संबंध?

सिनसिनाटीत त्यांनी फांद्या फुटणाऱ्या साखळ्यांचा विचार केला. साखळ्या आडव्यातिडव्या जोडल्या जाऊ लागल्या, की एका ठरावीक क्षणी साऱ्या भांड्यातला पातळ पदार्थ एकदम घट्ट का होतो? हा क्षण आधीच मोजता येतो, हे त्यांनी दाखवले. मिसळल्यावर घट्ट होणारे इपॉक्सी ज्यांनी वापरले आहे, त्यांना हा क्षण ओळखीचा आहे.

१९४० मध्ये ते स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. दुसऱ्या महायुद्धात जपानने आग्नेय आशिया जिंकल्यावर अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला आणि कृत्रिम रबर ही युद्धाची गरज बनली. याच काळात पॉलिमर द्रावणात कसे विरघळतात याचा सिद्धान्त फ्लोरी यांनी मांडला. कोडॅक कंपनीतील मॉरिस हगिन्स यांनीही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला होता. म्हणून तो फ्लोरी-हगिन्स सिद्धान्त या नावाने ओळखला जातो. १९४३ ते १९४८ या काळात ते गुडइयर या टायर कंपनीत मूलभूत संशोधनाचा गट चालवत होते.

१९४८ मध्ये कोणता प्रश्न समोर आला?

त्या वर्षी पीटर डिबाय यांच्या निमंत्रणावरून फ्लोरी कॉर्नेल विद्यापीठात व्याख्याने देण्यासाठी गेले आणि तिथेच प्राध्यापक झाले. या मुक्कामात त्यांनी एक जुना प्रश्न हाती घेतला : द्रावणात मोकळी तरंगणारी एक लांब साखळी किती जागा व्यापते?

याचे एक उत्तर आधीपासून होते. स्विस शास्त्रज्ञ वेर्नर कून आणि इतरांनी १९३४ च्या सुमारास साखळीची तुलना वाट चुकलेल्या माणसाच्या चालीशी केली. प्रत्येक पाऊल कुठल्याही दिशेला पडले, तर १०० पावलांनंतर माणूस सुरुवातीपासून सरासरी १० पावलांवर असतो आणि १०,००० पावलांनंतर १०० पावलांवर. म्हणजे अंतर पावलांच्या वर्गमुळाइतके. साखळीची प्रत्येक कडी म्हणजे एक पाऊल.

अडचण अशी, की वाट चुकलेला माणूस आपल्याच जुन्या वाटेवर पुन्हा येऊ शकतो. साखळी तसे करू शकत नाही. एका कडीने व्यापलेल्या जागेत दुसरी कडी शिरू शकत नाही. कून यांनाही हे जाणवले होते. पण या एका अटीचा नेमका परिणाम किती, हे समाधानकारकपणे सांगता आलेले नव्हते.

फ्लोरी यांनी उत्तर कसे काढले?

त्यांनी दोन बलांची ओढाताण मांडली. साखळी गुंडाळून लहान झाली, तर कड्यांची गर्दी होते. त्या एकमेकींना ढकलतात आणि साखळी फुगू पाहते. साखळी फार पसरली, तर ती ताणलेल्या रबरासारखी वागते आणि आत ओढली जाते. जिथे हे दोन्ही परिणाम बरोबरीला येतात, तो साखळीचा खरा आकार.

१९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या हिशेबातून निघाले, की साखळीचा आकार कड्यांच्या संख्येच्या ०.५ नव्हे, तर ०.६ या घातांकाने वाढतो. फरक किरकोळ वाटतो. पण १०,००० कड्यांच्या साखळीसाठी जुन्या सूत्राने १०० येते आणि नव्याने सुमारे २५०. एकाच रेणूचा आकार अडीचपट.

याच विचारातून आणखी दोन गोष्टी निघाल्या. द्रावक फारसा अनुकूल नसेल तर कड्या एकमेकींकडे किंचित ओढल्या जातात. एका विशिष्ट तापमानाला ही ओढ आणि गर्दीची ढकल एकमेकींना रद्द करतात आणि साखळी पुन्हा वाट चुकलेल्या माणसासारखी वागते. सायक्लोहेक्झेनमधील पॉलिस्टायरीनसाठी हे तापमान सुमारे ३४ अंश सेल्सिअस आहे. दुसरी गोष्ट अधिक चकित करणारी होती. वितळलेल्या पॉलिमरमध्ये साखळ्यांची प्रचंड दाटी असते, तरी तिथे प्रत्येक साखळी फुगत नाही, कारण बाहेरची गर्दीही आतल्याइतकीच असते. अनेकांना हे पटले नव्हते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूट्रॉन किरणांच्या प्रयोगांनी फ्लोरी बरोबर असल्याचे दाखवले.

कॉर्नेलमधील व्याख्यानांतूनच १९५३ मध्ये पॉलिमर रसायनशास्त्राच्या तत्त्वांवरचा त्यांचा ग्रंथ तयार झाला. कित्येक पिढ्या या विषयात त्यावरच घडल्या.

यात संगणक कुठे आला?

स्वतःला न छेदणारी वाट कागदावर मोजणे किती कठीण आहे, ते गणिताच्या चौकटीच्या वहीत सहज दिसते. रेषांवरून चालत, लगेच उलट न फिरता चार पावले टाकायची असतील, तर १०८ वाटा होतात. त्यातल्या ८ चौकोन पूर्ण करून सुरुवातीलाच परततात, उरतात १००. दहा पावलांच्या ७८,७३२ वाटांपैकी ४४,१०० शिल्लक राहतात. वीस पावलांच्या सुमारे ४६५ कोटी वाटांपैकी जेमतेम ९० कोटी. म्हणजे पाचांत एकही पुरती नाही. खऱ्या रेणूत तर हजारो कड्या असतात. यदृच्छेने वाटा काढत राहिले, तर जवळपास प्रत्येक वाट कुठेतरी स्वतःवर आदळते आणि मेहनत वाया जाते.

नेमक्या याच काळात अमेरिकेत पहिले इलेक्ट्रॉनिक संगणक चालू झाले होते. १९५५ मध्ये मार्शल आणि एरियाना रोझेनब्लुथ या शास्त्रज्ञ दाम्पत्याने या अडचणीवर तोड काढली. साखळी एकेका कडीने वाढवायची, प्रत्येक वेळी आजूबाजूच्या रिकाम्या जागाच पाहायच्या आणि त्यातली एक निवडायची. त्यामुळे काही आकारांना अवाजवी झुकते माप मिळते. ते शेवटी प्रत्येक साखळीला योग्य वजन देऊन दुरुस्त करायचे. पॉलिमरच्या संगणकीय सिम्युलेशनचा, म्हणजे संगणकात उभ्या केलेल्या नकलेचा, हा आरंभकाळ.

फ्लोरी यांनीही संगणक दूर ठेवला नाही. १९६१ मध्ये स्टॅनफर्डला आल्यावर त्यांनी साखळीतला प्रत्येक बंध कोणकोणत्या कोनांत वळू शकतो, याचा हिशेब करणारी पद्धत विकसित केली. मूळ कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञांची होती. फ्लोरी यांनी तिला अनेक खऱ्या पॉलिमरना लावता येईल असे रूप दिले आणि १९६९ मध्ये त्यावर दुसरा ग्रंथ लिहिला. त्यातली लांबलचक आकडेमोड संगणकाशिवाय आवाक्यातली नव्हती.

मग ०.६ हा आकडा बरोबर निघाला का?

जवळजवळ. अनेक दशकांच्या सिम्युलेशननंतर आणि स्वतंत्र सैद्धान्तिक गणितानंतर हा आकडा ०.५८८ असल्याचे मानले जाते. सपाट पृष्ठभागावरच्या साखळीसाठी फ्लोरी यांच्या पद्धतीने ०.७५ येतो, आणि तो तर तंतोतंत बरोबर आहे.

गंमत अशी, की त्यांचा युक्तिवाद काटेकोर नव्हता. कड्या एकमेकींना टाळतात, हे धरले तर ढकल कमी भरते. फ्लोरी यांनी ती जास्त धरली. साखळीची आतली ओढही त्यांनी जास्तच मोजली. या दोन चुका एकमेकींना जवळपास रद्द करतात. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पियर-जिल द जेन यांनी हे निदर्शनास आणले. एखाद्याने यातली एकच चूक ‘सुधारली’, तर उत्तर उलट बिघडते. म्हणूनच सिम्युलेशनची गरज होती : उत्तर जुळते एवढे पुरेसे नाही, ते का जुळते हेही कळायला हवे.

नोबेलनंतर त्यांनी काय केले?

त्याआधीच्या एका निर्णयातून त्यांचा स्वभाव दिसतो. १९५७ मध्ये ते पिट्सबर्गच्या मेलन इन्स्टिट्यूटचे संशोधन प्रमुख झाले. तिथे मूलभूत संशोधनाचा मोठा कार्यक्रम उभारायचा होता. विश्वस्त मंडळाने पाठबळ दिले नाही, तेव्हा चार वर्षांत त्यांनी ते पद सोडले.

१९७४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले. पुढच्या वर्षी ते स्टॅनफर्डमधून निवृत्त झाले. संशोधन चालूच राहिले, पण या पुरस्काराने आलेले वजन त्यांनी दुसऱ्या कामाला लावले. सोव्हिएत संघात भौतिकशास्त्रज्ञ युरी ऑर्लोव्ह आणि संगणकतज्ज्ञ अनातोली श्चारान्स्की तुरुंगात होते. अणुशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव यांना १९८० मध्ये गॉर्की शहरात हद्दपार करण्यात आले. या तिघांसाठी अमेरिकी शास्त्रज्ञांनी उभारलेल्या मोहिमेत फ्लोरी आघाडीवर होते. सहकाऱ्यांवर अन्याय होत असताना वैज्ञानिक देवाणघेवाण नेहमीसारखी चालू ठेवता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. विज्ञान आणि राजकारण वेगळे ठेवावे, असे मानणाऱ्यांना ती पटणारी नव्हती. व्हॉइस ऑफ अमेरिका या नभोवाणीवरूनही ते पूर्व युरोप आणि सोव्हिएत संघातील श्रोत्यांशी बोलत.

साखारोव यांच्या पत्नी येलेना बॉनर यांना उपचारांसाठी परदेशी जायचे होते. परवानगी मिळत नव्हती. त्या परत येईपर्यंत ओलीस म्हणून स्वतः सोव्हिएत संघात राहण्याची तयारी फ्लोरी यांनी दाखवली. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. तो प्रस्ताव स्वीकारला गेला नाही. ९ सप्टेंबर १९८५ रोजी कॅलिफोर्नियातील बिग सर येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. बॉनर यांना परदेशी जाता आले, ते त्याच वर्षाच्या अखेरीस.

साखळीचे एक टोक पृष्ठभागाला बांधले, तर काय होते?

एकच साखळी भिंतीला बांधली, तर ती मोकळ्या साखळीसारखीच फुगते. फक्त भिंतीपलीकडे जाता येत नसल्याने अळंबीसारखा आकार घेते. पण साखळ्या दाटीने रोवल्या, की आजूबाजूला पसरायला जागाच उरत नाही. मग त्या ब्रशच्या केसांसारख्या उभ्या राहतात.

इस्रायलचे श्लोमो अलेक्झांडर यांनी १९७७ मध्ये आणि द जेन यांनी १९८० मध्ये याचे गणित मांडले. त्यामागे फ्लोरी यांचीच ओढाताण होती : गर्दीची ढकल विरुद्ध साखळीची ओढ. निष्कर्ष साधा होता. मोकळ्या साखळीची लांबी दुप्पट केली तर तिचा आकार साधारण दीडपट होतो. ब्रशमध्ये मात्र उंचीही दुप्पट होते. साखळ्या आठपट दाट लावल्या, तरीही उंची दुप्पट होते.

या मांडणीत सगळ्या साखळ्यांची मोकळी टोके एकाच उंचीवर, ब्रशच्या माथ्याशी असतात, असे धरले होते. १९८८ मध्ये स्कॉट मिल्नर, थॉमस विटेन आणि मायकेल केट्स यांनी ते बरोबर नसल्याचे गणिताने दाखवले. निवाडा संगणकाने केला. मायकेल मुराट आणि गॅरी ग्रेस्ट यांनी १९८९ मध्ये सिम्युलेशन प्रसिद्ध केले. मोकळी टोके माथ्याशी जमलेली नसून संपूर्ण ब्रशभर विखुरलेली दिसली. साखळ्यांची दाटीही माथ्याशी एकदम संपत नाही, हळूहळू विरळ होत जाते. ग्रेस्ट तेव्हा एक्सॉन कंपनीच्या संशोधन केंद्रात होते. फ्लोरी यांनी महायुद्धाच्या काळात जिथे काम केले, ती स्टँडर्ड ऑइल कंपनीच पुढे एक्सॉन झाली.

संगणकात अशी साखळी कशी उभारतात?

तिथे प्रत्येक अणू दाखवत नाहीत. अनेक अणूंचा मिळून एक मणी धरला जातो. मणी स्प्रिंगने जोडतात. दोन मणी फार जवळ आले तर ते एकमेकांना जोरात ढकलतील, असा नियम घालतात. फ्लोरी यांची मूळ अट ती हीच. खाली एक भिंत ठेवतात आणि प्रत्येक साखळीचा पहिला मणी तिला पक्का करतात. द्रावकाच्या रेणूंचे धक्के यदृच्छ झटक्यांनी दाखवतात. मग अतिशय लहान कालखंडांत सगळ्या मण्यांच्या हालचाली पुनःपुन्हा मोजत जातात आणि उंची, दाटी, दाब यांची सरासरी काढतात. अशा कार्यक्रमाची पहिली परीक्षा बहुधा एकच असते : भिंत काढून साखळी मोकळी सोडली, तर तिचा आकार ०.५८८ च्या घातांकाने वाढतो का?

याचा उपयोग काय?

काजळीत डिंक घालून शाई करण्याची जुनी रीत याच तत्त्वावर चालते. डिंकाचे लांब रेणू काजळीच्या कणांना चिकटतात आणि कण एकत्र येऊन तळाशी बसत नाहीत. किती डिंक पुरे, हे तेव्हा अनुभवाने ठरत असे. आज तोच प्रश्न औषधांत येतो. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन हे औषध ज्या सूक्ष्म मेद-पुटिकांतून दिले जाते, त्यांच्यावर पॉलिथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या बांधलेल्या असतात. त्यामुळे या पुटिका रक्तात अधिक काळ टिकतात. फायझर आणि मॉडर्नाच्या करोना लशींतील मेदकणांतही अशा साखळ्या आहेत. साखळ्या विरळ पडल्या तर कण एकमेकांना चिकटण्याचा धोका असतो. फार दाट झाल्या तर कणाला पेशीशी संपर्क साधणे अवघड होऊ शकते. प्रयोगशाळेत प्रत्येक शक्यता करून पाहणे खर्चीक असते. त्यामुळे साखळी किती लांब आणि किती दाट हवी, याचा पहिला अंदाज संगणकातून घेता येतो. तो अंदाज ज्या ओढाताणीवर उभा असतो, तिचे सूत्र फ्लोरी यांनी १९४९ मध्येच लिहून ठेवले होते.